धुराडं स्वतः दुरुस्त करताय? या चुका टाळा

मे महिना संपत आला की मला फोन सुरू होतात. "धुराड्याकडून गळतंय, काय लावू?" डांबर लावून झालेलं असतं, सिलिकॉन लावून झालेलं असतं, एकाने तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्याच्यापुढे लिंपलेलं काही टिकत नाही. पाइपाभोवतीचा पत्रा वरच्या बाजूला कौलांच्या खाली सरकवायचा आणि खालच्या बाजूला कौलांच्या वर आणायचा. त्याच्यावर पाइपाला पत्र्याची छत्री घट्ट आवळायची. छपरावर चढायचा कंटाळा, म्हणून लोक आतून लिंपत बसतात आणि मग मला फोन करतात.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. न्हाणीत पाणी तापवायच्या चुलीला नवा पाइप बसवला, तेव्हा प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा चढवला. वाटलं, धूर वर जातो, म्हणजे असाच सरळ जाईल. पंधरा दिवसांत चुन्याने नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर काळे, चिकट ओघळ. घासले तर पसरले, वर रंग मारला तर पिवळे होऊन पुन्हा वर आले. ओल्या चुडत्यांचा (माडाच्या झावळ्या) आणि सोडणांचा (नारळाची सालं) धूर थंड पाइपाला लागला की आत डांबरासारखा रस धरतो आणि तो खालीच येतो. वरच्या तुकड्याचं निमुळतं तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे ओघळ आतल्या आत चुलीत उतरतो. धूर जोडातून बाहेर येईल ही भीती सोडा. पाइप नीट ओढत असेल तर जोडातून उलट बाहेरची हवा आत जाते.

पाइपाला वेष्टण घालायचं ते याच्यासाठीही. धूर गरम राहिला की ओढ चांगली लागते आणि रस कमी धरतो. पण वेष्टण म्हणजे हाताला येईल ते गुंडाळणं नव्हे.

सत्तरी तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने पाइपाभोवतीचं छपरातलं भोक भरायला फवारून फुगणारा फोम वापरला. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "दादा, कांय जावचें ना!" रोज अर्धा तास चूल पेटायची तोवर खरंच काही झालं नाही. चवथीला घर भरलं, चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत धडधडत राहिली. संध्याकाळी नेवऱ्या तळताना वहिनींना जळका वास आला, त्यांना वाटलं कढईतलं काही करपलं. माळ्यावर चढून बघितलं तर फोम वितळून थेंब थेंब गळतोय आणि वाशाच्या कडेला लाल ठिणगी. बादलीभर पाण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी तो वासा मी नखाने खरवडला, बोटभर कोळसा हातात आला. लाकूड रोज थोडं थोडं भाजत राहिलं की आतून कोळसा होत जातं आणि मग आधीपेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेतं. एवढे दिवस काही झालं नाही, यावर म्हणूनच माझा विश्वास नाही.

एकपदरी पाइप लाकडापासून किमान 45 सेंटिमीटर लांब हवा. छपरात एवढी जागा मिळत नाही. म्हणून मी सहा इंची पाइपावर दहा इंची बाहेरचा पाइप घालतो, मधल्या दोन इंचांत सिरॅमिक वूल (उष्णता सोसणारा कापसासारखा तंतू) भरतो आणि तरीही वाशापासून वीतभर मोकळं ठेवतो. वासा आडवा आला तर वासा कापून दोन्हीकडे आडवा जोड देतो. पाइपाला वाकवत नाही. वूल हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

जांभ्या चिऱ्याच्या जुन्या धुराड्याला सिमेंटचा गिलावा करू नका. सिमेंट कडक, चिरा मऊ. तापून थंड होताना दोघं वेगवेगळे हलतात, केसाएवढी भेग पडते, आत शिरलेलं पाणी मग सुकत नाही आणि चिरा भुसभुशीत होतो. चुन्याचं काम करा आणि तीन आठवडे थांबा. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायची घाई असेल त्याने गवंडी बोलवावा.

बाकी किरकोळ. चुलीलगतच्या तुकड्याला गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, जस्ताचा थर सुटतो. समुद्राजवळ 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस ठिपके येतात, परवडलं तर 316 घ्या. जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात बसते. पाइपाच्या वरच्या टोकावरच्या टोपीला जाळी लावा, नाहीतर पाखरं घरटं करतील. पाइप तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो आणि त्याला वास नसतो.

काम झालं की पहिली चूल मी संध्याकाळीच पेटवतो, लहानशी. मग टॉर्च घेऊन माळ्यावर जातो आणि तासभर वाशावर तळहात ठेवून बसतो. खालून बायको हाका मारते, मी उतरत नाही.