एचआयव्ही संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय निधी मागताय? या चुका टाळा

प्रस्ताव वाचायला आला की मी विज्ञानाचा भाग सगळ्यात शेवटी उघडते. आधी अंदाजपत्रक, मग भागीदार संस्थांची पत्रं. विज्ञान बहुतेकांचं चांगलंच असतं. प्रस्ताव अडकतात ते दुसरीकडे, आणि दर फेरीत त्याच त्या जागी. हे बघून आता खरोखर थकायला होतं, कारण त्यातले कितीतरी अभ्यास व्हायला हवे होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भागीदार शेवटी शोधणं. कल्पना ठरते, मसुदा होतो, नमुनासंख्या काढली जाते आणि मुदतीला थोडे दिवस उरले असताना रुग्ण असलेल्या देशांतल्या संस्थांना ईमेल जातात, ‘आमच्यासोबत याल का?’ उलटही घडतं. रुग्ण ज्यांच्याकडे आहेत ती संस्था जाहिरात पाहून मोठं परदेशी नाव शोधत सुटते. दोन्हीकडे भागीदाराचं काम सहीपुरतंच राहतं, आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं.

असाच एक प्रस्ताव माझ्या डोळ्यांदेखत बुडाला. विषय होता एचआयव्हीसोबत होणारा क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर, म्हणजे बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर. रुग्णालय अनुभवी, डॉक्टर वर्षानुवर्षं हाच आजार पाहणारे. अर्ज एनआयएचकडे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे जायचा होता आणि मुख्य अर्जदार ते रुग्णालयच होतं. अमेरिकेबाहेरच्या संस्थेला त्यासाठी आधी एनकेज हा संस्थेचा ओळख क्रमांक काढावा लागतो, मग सॅम या अमेरिकी सरकारच्या यादीत नोंदणी, मग ग्रँट्स डॉट गव्ह आणि ईआरए कॉमन्स या अर्जाच्या संकेतस्थळांवर. एनकेज आल्याशिवाय सॅमचं काम हलत नाही. इथे संस्थेचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर संक्षिप्त होतं. पडताळणी तिथेच अडली. दुरुस्तीची पत्रं जात-येत राहिली आणि मुदत उलटली. कोणाचीही बुद्धी कमी पडली नव्हती. फक्त लेखा विभागाला कोणी वेळेत विचारलं नव्हतं.

म्हणून माझी सवय अशी आहे की भागीदाराच्या लेखा विभागातल्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय मी मसुद्याला हात लावत नाही. कायदेशीर नाव अक्षरन् अक्षर तपासते. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, तिची तारीख भिंतीवर लिहून ठेवते. ‘नोंदणी नंतर बघू’ म्हणणाऱ्या उतावळ्या नवशिक्यांना मी सरळ पुढच्या फेरीची वाट बघायला सांगते. राग येतो त्यांना, येऊ दे.

दुसरी चूक अंदाजपत्रकाची. श्रीमंत विद्यापीठाचा तक्ता उचलायचा, पगार कमी करायचे आणि तोच रुग्ण जिथे आहेत त्या क्षेत्रीय केंद्राला लावायचा, हा आळस आहे. अमेरिकी विद्यापीठांचे वाटाघाटीने ठरलेले अप्रत्यक्ष खर्चाचे दर कित्येकदा 50 टक्क्यांच्या वर असतात. एनआयएच परदेशी संस्थेला देते 8 टक्के. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन निधीत सरसकट 25 टक्के मिळतात. म्हणजे विद्यापीठात वीज, हिशेबनीस, नैतिकता समितीचं कार्यालय ज्या पैशातून चालतं, तो पैसा केंद्राकडे जवळजवळ नसतोच. नियमात बसेल तेवढं सगळं थेट खर्चात, कारणासह, नाव घेऊन लिहावं लागतं. उणे 80 अंशांच्या फ्रीजरसाठी जनरेटर आणि त्याचं डिझेल, नमुने पाठवायचा कोरडा बर्फ, चलनदर बदलला तर काय, हे सगळं.

आणि रुग्णांपर्यंत पुन्हा पोहोचण्याचा खर्च. तो लोक सर्वांत आधी कापतात. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या सहसंसर्गावरचा एक अभ्यास मी जवळून पाहिला. जनुकीय क्रमनिर्धारणाला भरपूर तरतूद होती, पण भेट चुकवलेल्या माणसाच्या घरी जाणारा कार्यकर्ता ‘रुग्णालय देईल’ असं गृहीत धरलेलं. रुग्णालयाने का द्यावा? दुसऱ्या वर्षापर्यंत सहभागी इतके गळाले की मूळ प्रश्नाचं उत्तर काढण्याइतके उरलेच नाहीत. एचपीटीएन 052 ही चाचणी आठवा, जोडप्यातल्या एकालाच एचआयव्ही असताना केलेली. नऊ देशांतली 1,763 जोडपी, आणि 2011 मध्ये आलेला निष्कर्ष असा की लवकर उपचार दिल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो. त्या आकड्यामागे प्रयोगशाळेइतकीच लोकांना वर्षानुवर्षं जोडून ठेवणारी माणसं होती. मी अंदाजपत्रक तपासताना याच ओळीवर बोट ठेवते. ती नसेल तर पुढे वाचत नाही.

वस्तीतल्या लोकांना मंजुरीनंतर बोलावणं ही चूक लोक छोटी समजतात. कंबोडियात 2004 मध्ये टेनोफोविर गोळीने संसर्ग टाळता येतो का, याची चाचणी व्हायची होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी विचारलं की दुष्परिणाम झाले तर आमच्या उपचारांची दीर्घकाळ हमी कोण घेणार. समाधानकारक उत्तर मिळालं नाही आणि सरकारने चाचणी थांबवली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमधली तशीच चाचणीही थांबली. 2010 मध्ये आयप्रेक्स या चाचणीने रोज घ्यायच्या गोळीचा उपयोग दुसऱ्या लोकगटांत दाखवला, पण त्या स्त्रियांचा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने आणि एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या अ‍ॅव्हॅकने 2007 मध्ये लोकसहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या या धड्यातूनच. वस्तीतल्या लोकांच्या सल्लागार मंडळाच्या बैठका, प्रवास, दुभाषी यांचा खर्च पहिल्या वर्षापासून धरा.

एचआयव्हीचं नुसतं लेबल लावू नका. हृदयरोगाच्या अभ्यासात काही एचआयव्हीबाधित घेतले म्हणून तो एचआयव्ही संशोधन होत नाही. रिप्रीव्ह ही चाचणी पाहा. बारा देश, 7,769 सहभागी, आणि प्रश्न थेट हा की एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाने हृदयविकार टळतो का. तुमचा विषय कर्करोग, यकृतदाह, काहीही असो, एचआयव्ही काढून टाकल्यावरही प्रश्न जसाच्या तसा उरत असेल तर पैसा दुसरीकडे मागा.

देशाची परवानगी नैतिकता समितीपेक्षा वेगळी असते. भारतात आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती, युगांडात राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषद. वेळापत्रकात तिला स्वतंत्र जागा द्या.

विदा, म्हणजे अभ्यासाचा डेटा, कुठे राहणार आणि कोण वापरणार, ते लिहून घ्या. एनआयएच जानेवारी 2023 पासून विदा-व्यवस्थापनाची योजना मागतेच.

पहिलाच अर्ज पाच वर्षांच्या मोठ्या अनुदानाचा करू नका. एनआयएचच्याच फोगार्टी केंद्राने 1988 मध्ये एड्ससाठी सुरुवात केली ती प्रशिक्षणापासून. माणसं आधी तयार झाली म्हणून पुढचे मोठे अभ्यास उभे राहिले. छोट्या अनुदानावर एक पथदर्शी अभ्यास पुरा करा, मग बोलू.

राहिलं एकाच दात्यावर विसंबणं. दक्षिण आफ्रिकेच्या नेतृत्वाखालचा ब्रिलियंट हा एचआयव्ही लसप्रकल्प यूएसएआयडी या अमेरिकी मदत संस्थेच्या पैशावर उभा होता. चाचणी सुरू होण्याच्या बेतात असताना, जानेवारी 2025 मध्ये काम थांबवण्याचा आदेश आला. 1 मे 2025 रोजी एनआयएचनेही नवी व्यवस्था येईपर्यंत परदेशी सबअवॉर्ड, म्हणजे मुख्य अनुदानातून परदेशी भागीदाराला जाणारा वाटा, नव्याने न देण्याचं जाहीर केलं. म्हणून प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला मी विचारते की उद्या पैसा थांबला तर अभ्यासातल्या रुग्णाची औषधं कोण देणार? रोजची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची नेहमीची औषधं, अनुदानातून देऊ नका. ती त्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळेल असं आधीच ठरवा, लेखी घ्या आणि ते पत्र प्रस्तावाला जोडा.