प्लेट टेबलावर येण्याआधी: रेस्टॉरंटच्या फोटोशूटची तयारी

सुरुवात कागदावर करा, कॅमेरा नंतर बघू. मेन्यूतले कोणते पदार्थ शूट करायचे त्यांची नावं लिहून काढा आणि सगळा मेन्यू एका दिवसात उरकायचा मोह टाळा. एका सकाळी आठ-दहा पदार्थ नीट होतात. त्यापुढे शेफचा चेहरा पडतो, गार्निश संपत येतं आणि शेवटचे फोटो उरकल्यासारखे दिसतात. निवड करताना तीन प्रश्न पुरे: जास्त काय खपतं, नफा कशात बरा सुटतो, आणि मुळात फोटोत काय छान दिसतं? चवीला अप्रतिम पण दिसायला नुसता तपकिरी गोळा, असा पदार्थ प्रत्येक किचनमध्ये एखादा असतोच. त्याचा फोटो अडून बसून काढण्यापेक्षा तो बनतानाचा व्हिडिओ घ्या.

प्रत्येक नावापुढे तो फोटो कुठे जाणार आहे ते लिहा, कारण फ्रेम त्यावरून ठरते. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हा फक्त चौकोनी फोटो चालायचे. उभे-आडवे २०१५ पासून चालू लागले. आता फीडसाठी ४:५ म्हणजे १०८० × १३५० पिक्सेल हा उभा आकार सोयीचा पडतो, तर स्टोरी आणि रीलला ९:१६ म्हणजे १०८० × १९२० लागतो. २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलवरची ग्रिडही चौकोनी न राहता उभी झाली, त्यामुळे जुन्या हिशेबाने रचलेल्या बऱ्याच प्रोफाइलवरची अक्षरं आणि प्लेटच्या कडा कापल्या गेल्या. यावर उपाय साधा आहे. प्लेटभोवती हवी त्यापेक्षा जास्त जागा सोडून शूट करा, क्रॉप नंतर करता येतो. स्टोरीत वरचे आणि खालचे सुमारे २५० पिक्सेल मोकळे ठेवा, तिथे अकाउंटचं नाव आणि उत्तराची पट्टी येते. डिलिव्हरी अ‍ॅपसाठी त्याच प्लेटची एक आडवी फ्रेमही घेऊन ठेवा, म्हणजे पुन्हा तो पदार्थ करायला सांगावं लागणार नाही.

आता किचन. माझ्या मते शूट फसतं ते बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. वेळ अशी निवडा की किचनवर ऑर्डरचा ताण नसेल आणि खिडकीत उजेड असेल. दुपारच्या सर्व्हिसच्या आधीचे दोन-तीन तास सहसा जमतात. यादी शेफला आदल्या दिवशीच द्या, आयत्या वेळी नको. यादीचा क्रम मेन्यूप्रमाणे लावू नका, कोण किती वेळ टिकतं त्याप्रमाणे लावा. ब्रेड, केक, कोरडे पदार्थ निवांत बसून राहतात, त्यांच्यावर उजेड बसवून घ्या. तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा काही मिनिटांत उतरतो आणि तो फोटोत कळतो. गरम पदार्थावरची हिरवी पानं बघता बघता मलूल होतात, म्हणून ती वेगळ्या वाटीत गार पाण्यात ठेवून शेवटच्या क्षणी लावायची. चिरलेलं सफरचंद हवेने काळं पडतं. लिंबाच्या रसाचा हात फिरवला तर थोडा वेळ मिळतो. कॉफीवरचा फेस तर वाट बघतच नाही. आइस्क्रीम सगळ्यात शेवटी, आणि त्याचा बाऊल आधीपासून फ्रीझरमध्ये.

दर पदार्थाचा माल दोन प्लेटचा काढून ठेवायला सांगा. पहिली प्लेट कशीही मांडलेली चालेल. ती टेबलावर ठेवून उजेड, अँगल, फोकस सगळं जुळवून घ्यायचं. सगळं पक्कं झालं की हाक मारायची आणि दुसरी, खरी प्लेट थेट किचनमधून त्याच जागेवर आणायची. शेफ ताटकळत नाही आणि पदार्थ ताजा असताना फोटो मिळतो.

या दुसऱ्या प्लेटमधलं प्रमाण ग्राहकाला मिळतं तेवढंच असावं. जाहिरातीच्या धंद्यात आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा, पाकाऐवजी इंजिन ऑइल असले प्रकार पुष्कळ चालले आहेत. कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सूपच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर राहून सूप भरगच्च दिसावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये ते बंद करायला लावलं. तुमच्याकडे कमिशन येणार नाही, पण ग्राहक समोरच्या प्लेटचा फोटो काढून तुमच्याच पोस्टखाली टाकू शकतो. सूपमधले तुकडे बुडत असतील तर वरचे चार तुकडे चमच्याने अलगद शेवटी सोडा आणि लगेच क्लिक करा. तेवढं पुरतं.

उजेडाची तयारी आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन करा. मोठी खिडकी शोधा, टेबल तिच्या बाजूला ओढा आणि त्या भागातले दिवे चक्क बंद करा. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि पिवळा बल्ब २७००-३००० चा. दोन्ही एकत्र पडले की प्लेटची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, मग कुठलंही फिल्टर ते निस्तरू शकत नाही. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा बटर पेपर लावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्या हलक्या होतात. तिथेच काळा पुठ्ठा ठेवला तर सावली गडद होऊन पदार्थाला उठाव येतो. फोनचा फ्लॅश बंदच राहू द्या. तो समोरून सगळं सपाट करतो आणि रश्शावर पांढरा डाग पाडतो.

उजेड शक्यतो बाजूने किंवा किंचित मागून घ्या. ग्लेझ, रस्सा, पाण्याचे थेंब हे सगळं मागच्या उजेडातच चमकतं. वाफ हवी असेल तर मागे गडद पार्श्वभूमी ठेवा आणि उजेड मागून येऊ द्या. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ निघत असली तरी दिसत नाही, आणि मग लोक ती नंतर अ‍ॅपमधून घालतात, जे बघताक्षणी कळतं.

अँगल पदार्थाला विचारून ठरवा. पिझ्झासारखं सपाट किंवा खूप वाट्यांचं मांडलेलं टेबल वरून, सरळ ९० अंशांत. बर्गर, थरांचा केक, उंच ग्लास यांच्यासमोर डोळ्याच्या पातळीवर बसा, नाहीतर थर दिसणारच नाहीत. बाकी बहुतेक बाऊल ४५ अंशांत बरे दिसतात, कारण जेवायला बसलेला माणूस साधारण तसंच बघतो. फोनने शूट करत असाल तर फार जवळ जाऊ नका, जवळून प्लेटचा पुढचा काठ फुगतो. दोन पावलं मागे जा आणि २एक्स लेन्स वापरा. पदार्थावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) लॉक करा, मग ते स्क्रीनवर जरासं कमी करा, म्हणजे पांढरी प्लेट नुसती पांढरीफटक येणार नाही.

पिशवीत फार काही लागत नाही: ट्रायपॉड, पांढरा आणि काळा पुठ्ठा, बटर पेपर, चिकटपट्टी, चिमटा, कानात घालायचे कापसाचे बड्स, तेलासाठी छोटा ब्रश, पाण्याचा स्प्रे, मऊ कापड, पॉवर बँक. मऊ कापड लेन्ससाठी. किचनमध्ये फिरलेल्या फोनची लेन्स तेलकट असते, आणि धूसर फोटोंचं कारण अनेकदा तेवढंच असतं. प्लेट्स तुमच्याच वापरातल्या, पण ओरखडे नसलेल्या निवडा. चकचकीत काळ्या प्लेटमध्ये छत आणि स्वतःचा हात दिसतो, तिथे मॅट फिनिश बरं.

खरी प्लेट आली की पहिल्या अर्ध्या मिनिटात हात कसे चालतात त्याची आदल्या प्लेटवर तालीम करा. काठावरचा रश्शाचा ओघळ ओल्या बडने टिपायचा, कोरड्याने पुसला की तो पसरतो. पान चिमट्याने लावायचं. कोरड्या दिसणाऱ्या तुकड्यावर तेलाचा एकच हात. मग आधी पूर्ण प्लेटचे फोटो, नंतर जवळून, आणि शेवटी कोणीतरी चमचा घालतानाचे. मोडलेली प्लेट परत मांडता येत नाही, म्हणून क्रम हाच. व्हिडिओसाठी फोन उभा, स्थिर, आणि प्रत्येक कृती दहा सेकंद तरी. तव्याचा चर्र आवाज नीट रेकॉर्ड करा, तो संगीतापेक्षा जास्त उपयोगी पडतो. शिवाय बिझनेस अकाउंटला प्रसिद्ध गाणी सर्रास वापरता येत नाहीत.

एडिटिंगमध्ये आधी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असं बघणं), मग उजेड, आणि सॅच्युरेशन म्हणजे रंगांचा भडकपणा अगदी शेवटी, तोही कंजूषपणे. लाल रश्शाचा रंग फुटला की तो प्लास्टिकचा वाटतो. पोस्टसोबत पदार्थाचं नेमकं नाव, तो कधी मिळतो आणि अ‍ॅलर्जीची बाब असेल तर तीही लिहा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटोच्या वर्णनाची जागा असते, तिथे एक वाक्य भरा. फ्रेममध्ये गिऱ्हाईक आलं असेल तर त्याला विचारा. गिऱ्हाइकाने काढलेला फोटो वापरायचा असला तरी विचारा, टॅग केलं म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. बाहेरचा फोटोग्राफर असेल तर फोटो कुठे आणि किती काळ वापरता येतील ते शूटच्या आधी लेखी घ्या.

फाइलला पदार्थाचं नाव आणि तारीख द्या, मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा. मेन्यूतून पदार्थ गेला किंवा प्लेटिंग बदललं की त्याचा फोटो डिलिव्हरी अ‍ॅप, मॅप्स आणि पिन केलेल्या पोस्टमधून त्याच दिवशी काढायचा. हे काम कोणाचं, तेही यादीवर नावासकट लिहा.