पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील: बोटीतून समुद्र खरंच बघायचा असेल तर

अंदमानला निघालेले ओळखीचे लोक मला बोटीबद्दल एकच विचारतात, सगळ्यात फास्ट कुठली आणि प्रीमियम सीट घ्यायची का. मी सहा वेळा जाऊन आलेय, कधी आई-बाबांना घेऊन, कधी सासूबाई आणि भाचे मंडळी, आणि दरवेळी माझं मत अजून पक्कं होत गेलंय की प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बेट आणि हॅवलॉक ते नील बेट हे टप्पे म्हणजे अख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात सुंदर तास आहेत, आणि कितीतरी लोक ते एकतर बंद काचेमागे झोपून घालवतात नाहीतर पिशवीत तोंड घालून. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नावांचा घोळ आधी मिटवते. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरच्या बंदराजवळच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवीन नाव दिसलं तर भलतीकडचं बुकिंग झालं की काय म्हणून घाबरू नका. बोलताना लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, मीही तीच वापरते.

तिकीट. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते, खाजगी बोटी (मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन) हड्डोवरून. सरकारी स्वस्त, हळू आणि मोकळ्या डेकची, पण सीझनला तिकीट मिळणं अवघड कारण बेटावर राहणाऱ्यांना प्राधान्य असतं, आणि ते असायलाच पाहिजे, आपल्याकडे गावाला जशी एसटी तशी त्यांना ही बोट. फास्ट कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटी) साधारण दीड तासात हॅवलॉकला पोचवतात पण त्या पूर्ण बंद, एसी, बाहेर जाता येत नाही, आणि काचेवर समुद्राचं पाणी उडून उडून मिठाचा पांढरा थर बसलेला असतो त्यामुळे "विंडो सीट" हा शब्द ऐकून जास्तीचे पैसे टाकू नका. ग्रीन ओशनला वर मोकळा डेक आहे, वेळ थोडा जास्त लागतो. माझं मत विचाराल तर मोकळा डेक मिळत असेल तर तोच घ्या, अर्धा-पाऊण तास जास्त गेला तर काय बिघडतं, फिरायलाच आलोय ना. निदान पोर्ट ब्लेअरहून निघतानाचा टप्पा तरी डेकवरून करा. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच बोटीचं बघा, आणि जेटी कुठली ते तिकिटावर दोनदा वाचा.

एक नियम मात्र मोडू नका. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, कोणाचं विमान आहे म्हणून समुद्र थांबत नाही. "सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान आरामात मिळतं" असं सांगणारा एजंट तुमच्याबरोबर जेटीवर बसून राहणार नसतो.

मूळ आयडी, तिकिटाची प्रिंट, तासभर आधी जेटीवर. झालं.

आता खरा मुद्दा, बोट लागणं.

पहिल्या वेळी मला कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं की सगळ्यात पुढची सीट घे, व्ह्यू भारी असतो, आणि उपाशीपोटी जा म्हणजे उलटीला काही येणारच नाही. मी दोन्ही ऐकलं. बंदरातून निघताना पाणी अगदी तळ्यासारखं, मी मोबाईलवर आदल्या दिवशीचे फोटो बघत बसले, मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. रॉस मागे पडलं आणि बोट उघड्या समुद्रात शिरली तशी नाक वर, खाली, वर, खाली, आणि दहा मिनिटांत मला दरदरून घाम फुटला. रिकाम्या पोटी नुसतं पित्त पडत राहतं, त्याच्यासारखा त्रास नाही. हॅवलॉकला उतरले तेव्हा पाय लटपटत होते आणि वाटेत काय दिसलं विचाराल तर समोरच्या सीटची पाठ.

नंतर नीट समजून घेतलं की हे होतं कशामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोर केबिन, सीट, मोबाईल सगळं स्थिर, मग मेंदूचा गोंधळ होतो आणि पोट ढवळायला लागतं. एवढं कळलं की उपाय आपोआप कळतात, डोळ्यांनाही हलणं दिसलं पाहिजे. म्हणून क्षितिजाकडे बघायचं, लांबच्या बेटाकडे बघायचं, मोबाईल खिशात. मोकळ्या डेकचा मी एवढा आग्रह धरते तो फक्त फोटोंसाठी नाही, बोट लागणाऱ्या माणसाला तिथे खरंच बरं वाटतं. फक्त डेकवर इंजिनाचा धूर ज्या बाजूला जातोय तिथे बसू नका, डिझेलचा वास आला की चांगल्या माणसाचंही पोट फिरतं.

बंद बोटच मिळाली तर सीट मधली किंवा मधल्याच्या जरा मागची, खालच्या मजल्यावर. बोट सी-सॉसारखी हलते, टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात, मध्ये कमी. प्रीमियम म्हणून वरच्या मजल्यावरच्या सीट गळ्यात मारतात पण बोट डोलते तेव्हा जेवढे वर तेवढा झोका मोठा, आईला मी कधीच वर बसवत नाही. आणि बंद बोटीत जर बाहेरचं नीट दिसतच नसेल तर सरळ डोके मागे टेकून डोळे मिटा, अर्धवट मासिक चाळत बसण्यापेक्षा ते बरं.

गोळीबद्दल लोक सगळ्यात जास्त चुकतात. अवोमिनसारखी बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. निघायच्या साधारण तासभर आधी घ्यायची, म्हणजे जेटीवर बॅगांच्या लायनीत उभे असतानाच. तिने झोप येते हे आधीच माहीत असू द्या, म्हणून घरी असताना एखाद्या दिवशी घेऊन बघा कितपत गुंगी येते ते, कोणाला अर्धीच पुरते. लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्यांची आधीच औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, ट्रिपमधल्या कुठल्यातरी काकूंनी पर्समधून काढून दिली म्हणून घेऊ नका.

खाणं. उपाशी नाही आणि हॉटेलवाल्याने पहाटे बांधून दिलेली पुरीभाजी पण नाही. दोन इडल्या, कोरडा टोस्ट, केळं, बास. मी घरून आलेपाकाच्या वड्या नेते, एक तोंडात धरून चघळत राहायची, भाच्यांना गोळीची गरज त्यानेच पडत नाही. चहा उतरल्यावर. आणि शक्यतो सकाळची पहिली बोट घ्या, माझ्या अनुभवात दुपारनंतर वारा वाढतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, ज्यांना घाटातल्या बसमध्येही त्रास होतो त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं.

एवढं सांभाळलंत की बघायला मोकळे. बंदरातून बाहेर पडताना उजव्या हाताला उभे रहा. शहराच्या टोकाला उंचावर सेल्युलर जेल दिसतं, सात विंगांपैकी आता तीनच उरल्यात, आणि आतून कितीही वेळा बघितलेलं असलं तरी पाण्यावरून ते बघताना वेगळंच वाटतं कारण सावरकरांना १९११ मध्ये आणलं ते बोटीनेच, याच समुद्रावरून. माझे बाबा तिथे हात जोडून उभे राहिले होते, कितीतरी वेळ. पुढे त्याच बाजूला रॉस. डाव्या हाताला नॉर्थ बेचं दीपगृह, जुन्या लाल विसाच्या नोटेवरचं चित्र तेच, माडांच्या मधून दिसणारं (आताच्या विसाच्या नोटेवर आपलं वेरूळ आहे). मुलांना जुनी नोट घेऊन जा, ताडून बघायला मजा येते. उघड्या समुद्रात बोटीच्या जवळचं पाणी बघत रहा, उडणारे मासे अचानक निघतात, लाटेवरून सपकन जातात आणि परत आत, फोटोच्या नादाला लागलात तर हुकतात. हॅवलॉक जवळ आलं की गर्द हिरवी बेटं सुरू होतात, पाण्यापर्यंत आलेलं जंगल.

हॅवलॉक ते नील छोटा टप्पा, फास्ट बोटीने तासाभराचा, पण गोळीचं आणि खाण्याचं तेच.

हॅवलॉकला उतरल्यावर बॅगा मोजून घ्या, सारख्या दिसणाऱ्या काळ्या ट्रॉल्यांची अदलाबदल होते, हँडलला रंगीत नाडी बांधा. नीलला भरतपूरच्या जेटीवर मात्र घाई करू नका, सगळे रिक्षाकडे पळतात. तुम्ही कठड्यापाशी थांबून सरळ खाली बघा. पाणी इतकं नितळ असतं की जेटीच्या खांबांमधून फिरणारे मासे वरूनच दिसतात, बॅगा पायाशी ठेवून पाच मिनिटं बघा, रिक्षा मिळतात.