गोव्यातली वंशावळ शोधताय? आधी इन्व्हेंतार बघा

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडनं गाव, वाडा आणि कोण साधारण कधी वारलं ते विचारून घ्या, मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात जुनी दप्तरं मागा. सगळे मृत्युपत्राच्याच मागे लागतात, पण खरा खजिना म्हणजे इन्व्हेंतार, म्हणजे माणूस वारल्यावर वाटणीसाठी केलेली त्याच्या मालमत्तेची, कर्जाची आणि वारसांची यादी, कारण 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडात मुलांचा, मुलींचासुद्धा, वाटा राखीव होता, म्हणून वाटणीच्या कागदात लग्न होऊन गेलेल्या आत्या-आज्यांची नावं नवऱ्यासकट सापडू शकतात, जी आपल्या वंशावळीत बहुतेक कुणी लिहिलेलीच नसतात! आडनावं पोर्तुगीज स्पेलिंगने शोधा, शेणवी असेल तर सिनाय. इन्व्हेंतारातली कर्जाची यादी अजिबात सोडू नका, त्यात शेजारी-सोयरे भेटतात.