बंदर, विमानतळ आणि कोविड: प्रकल्प करताना मी कुठे चुकलो

पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय घेतला तेव्हा तो सोपा वाटला होता. कोविडमुळे प्रादेशिक बंदरं आणि विमानतळांच्या कामकाजावर झालेला परिणाम. २०१९ आणि २०२० चे आकडे मिळवायचे, टक्केवारी काढायची, आलेख चिकटवायचे. पहिला मसुदा तसाच दिला. मार्गदर्शक बाईंनी तो चाळला आणि एवढंच विचारलं, "यात काम कुठंय?"

प्रश्न रास्त होता. जगभरातले विमानप्रवासी २०१९ मध्ये साधारण साडेचार अब्ज होते, ते २०२० मध्ये १.८ अब्जांवर आले. कंटेनर वाहतूक मात्र त्या वर्षात जेमतेम एखाद्या टक्क्याने घटली. म्हणजे विमानतळ बुडाले आणि बंदरं तरली, असं मी लिहून मोकळा झालो होतो. मग बंदरातली माणसं त्या काळाची आठवण काढली की कपाळावर हात का मारतात, हे मला कळत नव्हतं.

ते कळलं एका छोट्या फीडर बंदराच्या (मोठ्या बंदरातून छोट्या जहाजांनी माल जिथे येतो-जातो अशा बंदराच्या) गेट रजिस्टरात. सलग नऊ दिवस जवळपास कोरे, आणि दहाव्या दिवसाच्या नोंदी समासातसुद्धा कोंबलेल्या. महिन्याची बेरीज नेहमीइतकीच! पण त्या एका दिवशी यार्डात कंटेनर चार-चार थर चढलेले होते. तळातला हवा असेल तर वरचे तीन आधी हलवायचे. या फुकटच्या उचलाउचलीत क्रेन अडकते, बाहेर ट्रकची रांग वाढते, रीफरचे (थंड ठेवायच्या कंटेनरचे) प्लग कमी पडतात, आणि इकडे माल न सुटल्यामुळे आयातदाराच्या नावावर डिमरेज (उशिराचा आकार) चढत राहतं. वार्षिक थ्रूपुटमध्ये (वर्षभरात हाताळलेल्या एकूण मालाच्या आकड्यात) यातलं काहीच दिसत नाही.

असं का व्हायचं? मोठ्या कंपन्या फेरी रद्द करायच्या, त्याला ब्लँक सेलिंग म्हणतात. हब म्हणजे मोठ्या जहाजांच्या बंदरात मोठं जहाज आलंच नाही, तर तिथून निघणारं फीडर (छोटं जहाज) काय आणणार? पुढे मोठी जहाजं एकदम आली की हबमध्ये बर्थ (जहाज लावायची जागा) आधी त्यांना, फीडर बाहेर नांगर टाकून उभं. ऑगस्ट २०२१ मध्ये एका कामगाराची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून चीनच्या निंगबो-झोउशान बंदरातलं मेइशान टर्मिनल सुमारे दोन आठवडे बंद होतं. अशा बंदचा धक्का छोट्या बंदरापर्यंत काही आठवड्यांनी पोचतो. म्हणून तुमच्या बंदराचा आलेख त्याच शहरातल्या रुग्णसंख्येशी जुळवायला जाऊ नका. मी दोन महिने तेच करत बसलो होतो.

तेव्हा आकडे मागायला जाल तेव्हा महिन्याचे नको, रोजचे मागा. कंटेनर यार्डात किती दिवस पडून राहिला (ड्वेल टाइम) आणि ट्रकला आत जाऊन बाहेर यायला किती वेळ लागला, या दोनच गोष्टी मिळाल्या तरी प्रकल्प उभा राहतो.

विमानतळाच्या बाबतीत माझी चूक वेगळी होती. स्लॉट म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरवून दिलेली वेळ; ती किमान ८० टक्के वेळा वापरली तरच पुढच्या हंगामात कंपनीकडे राहते, या ८०-२० नियमाला कोविडमध्ये मिळालेल्या सवलतीवर मी पानभर लिहिलं. ते पान सपशेल गैरलागू होतं, कारण हा नियम गर्दीच्या, स्लॉट वाटून द्याव्या लागणाऱ्या विमानतळांना लागतो. माझ्या छोट्या विमानतळावर स्लॉट कधी अपुरे पडलेच नव्हते. त्याचं दुखणं होतं स्थिर खर्चाचं. अग्निशमन दलाची तयारी मुख्यतः विमानाच्या आकारावरून ठरते. दिवसाला वीस विमानं येवोत की दोन, बंब आणि माणसं ठेवावीच लागतात.

मालाकडेही माझं लक्ष उशिरा गेलं. साथीआधी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. प्रवासी थांबले आणि ती जागाही गेली. मग मास्कची खोकी थेट केबिनमध्ये चढू लागली. प्रवासी दारातून लोडर जात नाही, त्यामुळे शिडीवर माणसांची साखळी. केबिनमध्ये कार्गो होल्डसारखी आग विझवणारी यंत्रणा नसते, म्हणून खोक्यांवर लक्ष ठेवायला माणूसही सोबत पाठवावा लागे.

मुलाखती टाळू नका. २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, हे मी वाचलेलं होतं. पण एका टॅली क्लार्कने (जहाजावरच्या मालाची मोजदाद लिहिणाऱ्याने) सांगितलं की कागदपत्रं दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर-खाली व्हायची, आणि एकदा रिकाम्या पिशवीत वरून चिठ्ठी आली, 'सिमकार्ड मिळेल का?' शिडी चढायला बंदी होती. माझ्या प्रकल्पातलं लोकांना आठवतं ते हेच पान.

शेवटचं, घाईचं. ही रजिस्टरं कोणी जन्मभर जपत नाही. मी गेलो तोवर त्या बंदरातली २०२० च्या पहिल्या तिमाहीची रजिस्टरं रद्दीत गेली होती. विषय मंजूर व्हायची वाट न बघता परवानगीचं पत्र आधी टाका.