कर्नलचा एफपीयू पॅच पाहताना अख्खं फंक्शन पाहा

लिनक्स कर्नलमधे एफपीयू (सीपीयूचा दशांश गणिताचा भाग) किंवा त्याचे रजिस्टर सेव्ह-रिस्टोअर करायचा फिक्स रिव्ह्यूला आला की डिफमधे बदललेल्या ओळींच्या वरखाली 3-3 ओळीच दिसतात अन् खरा घोळ नेमका त्याच्या बाहेर असते. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांतले बरेच पोट्टे त्या 3 ओळी पाहूनच ओके देऊन राहिले, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

1. गिट शो ला डॅश कॅपिटल डब्ल्यू लावा, पूर्ण फंक्शन समोर येते.

2. आता फक्त बाहेर पडायच्या वाटा पाहा, म्हणजे प्रत्येक रिटर्न, प्रत्येक गोटू. एक्स86 वर कर्नल_एफपीयू_बिगिन झालं अन् एररच्या वाटेवर कर्नल_एफपीयू_एंड राहून गेलं तर प्रीएम्प्शन (चालू काम मधेच थांबवून सीपीयू दुसऱ्याला देणं) बंदच राहते, अन् या दोघांच्या मधे म्युटेक्स_लॉक (कुलूप घेणं) किंवा जीएफपी_कर्नल वालं केमॅलॉक (मेमरी मागणं) दिसलं तर तिथंच थांबवा, कारण हे दोन्ही झोपू शकतात, म्हणजे वाट पाहत थांबू शकतात, अन् तिथं झोपायची परवानगीच नाही. माझ्या मते अर्धा रिव्ह्यू इथंच होऊन जाते.

3. पॅचच्या फिक्सेस टॅगमधला कमिट (ज्यानं बग आणला तो बदल) घ्या अन् गिट डिस्क्राइब ला डॅश डॅश कंटेन्स लावून पाहा, बग कोणत्या व्हर्जनपासून आहे ते कळते. लिनक्स 5.2 पासून (2019) एक्स86 वर युजरचे एफपीयू रजिस्टर युजरस्पेसमधे परतताना लोड होतात, त्यामुळं त्याच्या आधीच्या स्टेबलमधे (फक्त फिक्स मिळणाऱ्या जुन्या व्हर्जनमधे) तोच पॅच जसाच्या तसा टाकू नका.

4. मग कर्नलच्याच सेल्फटेस्टमधलं एक्स86 फोल्डर चालवा.

एक सांभाळा: टेस्ट क्यूएमूत (व्हर्च्युअल मशीनमधे) चालवत असाल तर त्याचा डिफॉल्ट सीपीयू एव्हीएक्स (मोठ्या रजिस्टरच्या सूचना) दाखवत नाही, टेस्ट स्किप होते अन् आपल्याला वाटते सगळं बरोबर! केव्हीएम (लिनक्सची हार्डवेअरवरची व्हर्च्युअल मशीनची सोय) असंल तर सीपीयू होस्ट द्या, अन् प्रॉक सीपीयूइन्फोमधे एव्हीएक्सचा फ्लॅग आहे का पाहून घ्या.