सोडा म्हणजे नेमका कोणता सोडा? दुसऱ्या भाषेतली रेसिपी करण्याआधी हे पाहून घ्या

उन्हाळ्यात नागपुरात ठेल्यावर "एक सोडा दे" म्हटलं की तो लिंबू पिळून फेसाळता ग्लास हातात ठेवतो, अन् इतवारीत किराण्याच्या दुकानात तेच म्हटलं तर दुकानदार उलटा विचारतो, "खायचा का धुवायचा?" हा प्रश्न सोन्याचा आहे बाप्पा, नेटवरची रेसिपी तो विचारतच नाही.

माझी भाची जर्मन शिकून राहिली. परवा बिस्किटांच्या रेसिपीत ‘नाट्रोन’ आलं, ते सोडियमचंच काहीतरी आहे एवढं शोधून तिनं मोरीजवळचा ‘सोडा’ लिहिलेला डबा उचलला, मी पाहिलं म्हणून वाचलो!

तर आधी घरातले तीन सोडे वेगळे करा. खायचा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हिंदीत मीठा सोडा. धुवायचा म्हणजे सोडियम कार्बोनेट. अन् कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, नाली मोकळी करायचा, तो कातडी जाळतो.

आता भाषा पाहा. जर्मनमध्ये नुसतं ‘नाट्रोन’ म्हणजे आपला खायचा सोडा, आणि ‘सोडा’ म्हटलं तर बहुतेक धुवायचा. पण नाट्रोनलाच ‘लाउगं’ शेपूट लागून ‘नाट्रोनलाउगं’ झालं की ते कॉस्टिकचं पाणी, तिकडचे बेकरीवाले ब्रेत्सेल नावाचा गाठीसारखा पाव त्यात बुडवतात, ते आपण घरी करायच्या भानगडीत पडू नका. फ्रेंचमध्ये ‘सूद’ म्हणजे कॉस्टिक, ‘बिकार्बोनात द सूद’ म्हणजे खायचा, अन् ‘सोडा’ म्हणजे गोड कोल्ड्रिंक, घ्या आता! रशियन रेसिपीत ‘सोडा’ आला तर खायचाच समजा.

हा गोंधळ शाळेतल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यातही आहेच. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीनं कॉस्टिक सोड्यातून विजेनं धातू वेगळा काढला म्हणून नाव सोडियम, पण चिन्ह ‘एनए’, ते नेट्रियम या लॅटिन नावावरून, म्हणजे भाचीच्या नाट्रोनचंच भावंड.

पाकिटावर ५०० आकडा शोधा, वजनाचा नाही, खाण्यात घालायच्या पदार्थांना दिलेला आयएनएस नंबर. कंसात दोन उभ्या रेघा असतील तर बायकार्बोनेट, एकच असेल तर कार्बोनेट. सुटा आणला असेल तर लिंबू पिळून ओळखायला जाऊ नका, खायचा अन् धुवायचा दोन्ही फसफसतात, आणि चाखून तर अजिबातच नाही. चिठ्ठी नसलेला डबा सरळ मोरीतच राहू द्या, खायच्या सोड्याचा पुडा काही महाग येत नाही.